योगिताचा नळ आणि माझं पत्रक

तुम्ही कधी एखाद्या माणसाच्या हुशारीवर जळून काही लिहिलंय का, आणि मग त्या जळण्याला तत्त्वाचं नाव देऊन ते छापून वाटलंय का? मी दोन्ही केलंय. ज्या माणसावर जळले, ती योगिता. आमच्या शिंदखेड्याच्या मागच्या गल्लीतली, पिठाच्या गिरणीवाल्यांची मुलगी, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. भाद्रपदात ती तापाने गेली. जळगावात एकटी राहायची, सुरुवातीचे चार दिवस ताप अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेलं तोवर रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या होत्या. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात आमच्या पत्रकाचं प्रूफ तपासत बसले होते. आबा फोनवर कधी रडत नाहीत. त्या दिवशी त्यांना वाक्य पुरं करता येईना. आणि मला आठवतंय, अगदी लख्ख आठवतंय, की बातमी कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. मी गेले असते तर आबा असे रडले असते का... हा होता.

आमचं घर पत्रकांवर चालायचं. पोट शाळेतल्या आबांच्या कारकुनीवर चालायचं, पण घर पत्रकांवर. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच, आणि बाजाराच्या दिवशी आबांबरोबर उभं राहून ती वाटायला शिकले तेव्हा धड फ्रॉकची बटणं लावता येत नव्हती. छापून आलेले गठ्ठे घरी यायचे, आणि ते घडी घालायला गल्लीतली पोरं जमायची. योगिता त्यातलीच. केसांवर कायम पीठ, आणि घडी एकदम सरळ. माझ्या घड्या तिरक्या पडायच्या. आबा तिची घडी उचलून मला दाखवायचे. 

एकदा लिंबातून रक्त काढणाऱ्या बुवाचं बिंग फोडणारं पत्रक आलं होतं. त्यात लिहिलं होतं की बुवा सुरीला आधी हळद चोळून ठेवतो, म्हणून लिंबू कापताच लाल रस गळतो. आमची निम्म्या गठ्ठ्याची घडी घालून झाली असेल. योगिता दोन दिवस फिरकली नव्हती. तिसऱ्या दिवशी आली ती तिच्या आईने हात धरून आणली होती, घरातली सगळी लिंबं कापून संपवली म्हणून.

"आबा, हाई पोरनी मना बठ्ठा लिंबू कापी टाकात," तिची आई म्हणाली. "इचारा तिले कसाले."

"हळदीने लिंबू लाल होत नाही, आबा," योगिता म्हणाली. "पिवळंच राहतं."

"पण पत्रकात छापलंय," मी म्हणाले.

"छापलंय ते लिंबाला माहीत नाही ना."

आबा खो खो हसले. मग गंभीर झाले. स्वयंपाकघरात गेले, हळद घेतली, घरातलं शेवटचं लिंबू कापलं. पिवळंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. जास्वंदीच्या फुलाचा रस सुरीवर वाळवला तर लिंबू लाल होतं, असं कळलं. तेही आबांनी करून पाहिलं, आणि योगिताला समोर बसवून पाहिलं. मग आम्ही सगळे अख्खा गठ्ठा पुन्हा उलगडून बसलो, आणि प्रत्येक पत्रकावर 'हळद' या शब्दावर पेनाने रेघ मारून शेजारी 'जास्वंद' लिहिलं. मी चिडून शब्द गिरवून गिरवून काळा करत होते. आबांनी माझा हात धरला. "एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. आपण आधी काय चुकलो होतो ते लोकांना दिसू दे." मला तो धडा तेव्हा नको होता. पत्रक चुकू शकतं, हे माझ्या घरात येऊन गिरणीवाल्याच्या पोरीने सिद्ध करावं, हेच मला सहन होत नव्हतं.

पुढे ती जळगावला शिकायला गेली, तिथेच एका कॉलेजात संशोधनाला लागली. मी धुळ्याला आले, चळवळीत पडले, लिहू लागले. दिवाळीत दोघी घरी असायचो. एका दिवाळीत माझ्या नावाने छापलेलं पहिलं पत्रक मी आबांना दाखवायला आणलं होतं. ते फराळाच्या ताटाखाली तसंच राहिलं, कारण योगिता आली आणि आबांनी तिला विचारलं, "सांग बरं, नेमकं काय करतेस तू?"

"आबा, रावेरकडे केळीचा ट्रक भरताना पाहिलाय ना?" ती म्हणाली. "वर उभा असलेला माणूस घड घेतो आणि रचतो. त्याचा हात किती चपळ आहे, हे कसं मोजणार? खालून घड आणणारे सावकाश आले तर तो बिचारा उभाच राहणार. मग तुम्ही मोजाल तो आणणाऱ्यांचा वेग. त्याच्या हाताचा नाही."

"मग?"

"मग आणणाऱ्यांची अशी रीघ लावायची की त्याला श्वास घ्यायला उसंत मिळू नये. माझ्याकडे तो माणूस म्हणजे धातूचं टोक, आणि घड म्हणजे इलेक्ट्रॉन. पाण्यात विरघळलेले रेणू टोकापाशी येतात आणि इलेक्ट्रॉन देऊन जातात. ही देवघेव फार झटपट होते. टोक मोठं असलं तर रेणू पोचायलाच वेळ लागतो, खरा वेग कळतच नाही. टोक जितकं बारीक, तितके ते चहूबाजूंनी भराभर येतात. तेव्हा कुठे हात दिसतो."

"किती बारीक टोक?"

"तुमच्या डोक्यावर उरलेत त्यातला एक केस घ्या आणि त्याचे उभे हजार भाग करा."

आबांनी डोक्यावरून हात फिरवला. "मोजकेच उरलेत, जपून वापर."

मी विचारलं, "याने कुणाचं पोट भरतं?" टोमणाच होता. तिला कळला. "माहीत नाही गं," ती शांतपणे म्हणाली. "बॅटरीवाल्यांना लागेल, अजून कुणाला लागेल. पण आधी मोजता तर आलं पाहिजे." हीच तिची खोड. तिला चिडवता यायचं नाही. मी चिडवायला जायचे आणि माझंच वाक्य मला पोकळ ऐकू यायचं. ती गेल्यावर आबा म्हणाले, "ही आपली खरी कार्यकर्ती." ताटाखालचं पत्रक मी काढून घेतलं. त्याला तुपाचा डाग पडला होता.

तिची टोकं बनायची ती पुण्याच्या एका संस्थेत. केसाएवढी प्लॅटिनमची तार काचेच्या बारीक नळीत घालून, तापवून, यंत्राने ओढायची. दोन्ही एकत्र निमुळते होत जातात आणि शेवटी काचेच्या मधोमध धातूचा नुसता ठिपका उरतो. हे यंत्र जळगावात नव्हतं. ती दोन-तीन महिन्यांनी पुण्याला जायची, दहा-बारा टोकं करायची, आणि स्टीलच्या जेवणाच्या डब्यात स्पंजवर टोचून मांडीवर घेऊन यायची, चाळीसगावला गाडी बदलत. शेजारची बाई विचारायची, काय आणलं गं डब्यात? ही म्हणायची, इंजेक्शनं.

एका वर्षी तिला फार मोठा आकडा मिळाला. असा वेग आधी फारसा कुणी मोजला नव्हता म्हणे. तिचे गाईड सर खुश, कॉलेज खुश, शोधनिबंध पाठवायची तयारी झालेली. आबांनी शिंदखेड्यात पेढे वाटले. माझ्यासाठी त्यांनी कधी साखरही वाटली नव्हती. आणि मग महिन्याभरात कळलं की योगिताने स्वतःच तो आकडा मागे घेतला. तिने ते टोक विद्यापीठातल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन पाहिलं होतं. काचेच्या आत धातू खचून गेला होता, कोरड्या विहिरीसारखा. खचलेलं टोक खोटा वेग दाखवतं, आकडा फुगतो. सरांनी समजावलं असणार, लोकांनी हसून घेतलं असणार. ती ठाम राहिली. मला बरं वाटलं. ती पडली म्हणून बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवते. आणि दुसऱ्याच क्षणी आणखी जास्त वाईट वाटलं, कारण तत्त्व तत्त्व म्हणून मी चौकात ओरडत होते, आणि तिने एक शब्द न उच्चारता ते करून दाखवलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सभेसाठी मी जळगावला गेले होते. म्हटलं तिला भेटावं. लॅबच्या दाराला काचेची खिडकी होती. आत ती पाठमोरी उभी. चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या. लादीवर पाणी शिंपडलेलं, खिडकीला ओलं गोणपाट टांगलेलं. मनगटात तांब्याचं कडं. कोपऱ्यात जुन्या इमारतीचा लोखंडी नळ, आणि ती त्या नळाच्या पाइपावर दोन्ही तळवे टेकवून, डोळे मिटून उभी. ओठ हलत होते. मग तिने डोळे उघडले आणि टेबलावरच्या डब्याकडे अगदी हळू हात नेला. मी दार वाजवलं नाही. जिना उतरून खाली आले. बसस्टँडवर पोचेपर्यंत माझा लेख डोक्यात तयार होता.

'प्रयोगशाळेतला जलदेव' असं मथळ्यात लिहिलं. विज्ञान शिकलेली माणसंही शेवटी नळासमोर डोळे मिटतात, अनवाणी उभी राहतात, अंगावर तांबं घालतात, मग खेड्यातल्या अडाणी माणसाला आपण कोणत्या तोंडाने शहाणपण सांगायचं... वगैरे. नाव लिहिलं नाही. मोठेपणाच केला जणू. पण जळगावातलं कॉलेज, इलेक्ट्रॉन, काचेची टोकं, सगळं लिहिलं. कुणालाही ओळखू यावं असं, आणि खरं सांगायचं तर ओळखू यावं म्हणूनच. ते पत्रक आजवरचं आमचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पत्रक. धुळ्यात, चाळीसगावात, भडगावच्या बाजारात आमच्या पोरांनी वाटलं. मी आबांना प्रत पाठवली. त्यांचा फोन आला. 

"तू तिला विचारलंस का?"

"विचारायचं काय? डोळ्यांनी पाहिलं मी."

"लिंबाचंही आपण तपासून पाहिलं नव्हतं, तसंच छापलं होतं," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, पुन्हा तिचीच बाजू.

उन्हाळा संपताना धुळ्याच्या बसस्टँडवर ती भेटली. पुण्याहून टोकं घेऊन घरच्या लग्नाला आली होती, ते आटोपून जळगावला निघाली होती. साधा सुती पंजाबी ड्रेस, मांडीवर तो डबा. मी तोंड चुकवणार होते, तिनेच हाक मारली. "मुक्ता, बस गं. चहा घे." लेखाचं नावही काढलं नाही तिने. म्हणाली, "परवानगी आली एकदाची." मी विचारलं नाही कसली. मला वाटलं परदेशी जाण्याची असेल, आणि मी पुन्हा जळले. "वा, छान," म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली, मी पुढे काही विचारेन म्हणून. मग म्हणाली, "ये ना एकदा लॅबमध्ये. टोक कसं धरायचं ते शिकवते. तुझा हात स्थिर आहे, तुला जमेल." माझ्या घड्या तिरक्या पडायच्या हे ती विसरली नसणार. मी म्हणाले, बघू, कामं फार आहेत. तिची बस लागली. डबा दोन्ही हातांनी सांभाळत ती चढली... ते शेवटचं.

तिच्या तेराव्यानंतर आबा म्हणाले, तिचं सामान आणायला तिचे वडील एकटे कसे जातील, तू जा. मी गेले. लॅबमध्ये नाना होते, तिथले जुने लॅब अटेंडंट, अमळनेरकडचे, निवृत्तीला आलेले. मी नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुना लेख मी वाचेल शे, अक्का," ते म्हणाले. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिची टोकं पुण्यात चांगली असायची आणि जळगावात आली की मरायची. लोक म्हणायचे, प्रवासात दणके बसतात. ती मात्र वहीत रोज हवा लिहायची, कपडे लिहायची, दार कुणी उघडलं ते लिहायची. असं करता करता तिला दिसलं की पावसाळ्यात टोकं जगतात आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत मरतात. नायलॉनच्या ओढणीच्या दिवशी तर हमखास. अंगावर साठलेली वीज. स्वेटर काढताना चटचट होते ना, तीच. आपल्याला ती जाणवतही नाही, पण त्या ठिपक्याएवढ्या धातूला ती वितळवून टाकते. तो फुगलेला आकडाही त्यातूनच आला होता. म्हणून सुती कपडे, ओली लादी, ओलं गोणपाट, अनवाणी पाय. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग तिने मोजून पाहिलं होतं, ते भरवशाचं नव्हतं. थेट जमिनीत जाणारा होता तो फक्त तो जुना लोखंडी पाइप. त्याला तिने तांब्याची तार जोडली होती आणि तिचं दुसरं टोक मनगटातल्या कड्याला.

"नळनी पूजा नही करे ती," नाना म्हणाले. "आंगमातली वीज उतारे. डोळा मिटीसन तीसपर्यंत मोजे, घाई व्हवाले नको म्हनीसन."

माझ्या लेखानंतर कुणीतरी त्या नळाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पोरं येता-जाता हात जोडायची. कॉलेजला लाज वाटली. ती पुण्याला गेलेली असताना तार काढून टाकली आणि पाइपाला वरपासून खालपर्यंत हिरवा ऑइलपेंट मारला. रंगावर हात ठेवला तर वीज जमिनीत जात नाही. खरवडायचं तर लेखी परवानगी, परवानगीला समिती, समितीला आधी निवडणूक आणि मग परीक्षा. अख्खा हिवाळा आणि उन्हाळा गेला. धुळ्याच्या स्टँडवर ती सांगत होती ती परवानगी ही. रंग खरवडण्याची.

"मी तिले म्हनू, सांगी टाक ना तुन्ही मैत्रीनले," नाना म्हणाले. "ती म्हने, तिले इचारू दे नाना, मंग सांगसू."

पावसाळ्यात तिने मोजणी पुन्हा सुरू केली. खऱ्या, न खचलेल्या टोकांनी. तीस टोकांवर मोजल्याशिवाय आकडा द्यायचा नाही, असं तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. अकरा झाली होती. त्या वाया गेलेल्या मोसमात बाकीची झाली असती की नाही, मला ठाऊक नाही. पण तो मोसम माझ्या लेखाने गेला, हे ठाऊक आहे.

वही मी तिथेच स्टुलावर बसून वाचली. मराठीत लिहायची ती, आणि अक्षर... अजूनही मला हेवा वाटला, मेलेल्या माणसाच्या अक्षराचा. चुकलेल्या प्रत्येक आकड्यावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी तारीख आणि सही. आबांची रेघ. माझ्या घरातून मला मिळायची ती गोष्ट ती घेऊन गेली होती, आणि मी हाताशी असून घेतली नव्हती. माझं पत्रक पोचलं त्या दिवसाची नोंद सापडली. हवा कोरडी. सुती साडी. एक टोक शाबूत. मग खाली: 'मुक्ताचा लेख वाचला. निरीक्षण बरोबर. निष्कर्ष चूक. नियंत्रण प्रयोग केलेला नाही, म्हणजे मला विचारलेलं नाही. वाक्यं मात्र सुरेख लिहिते. मला असं लिहिता आलं असतं तर.'

ते शेवटचं वाक्य मी आबांना अजून वाचून दाखवलेलं नाही.

नळ तिथेच आहे. सगळा पाइप हिरवा, आणि छातीच्या उंचीवर दोन तळवे मावतील एवढी जागा ब्लेडने खरवडलेली, लोखंड उघडं. कडा सरळ. तिने घातलेल्या घडीसारख्या. नाना म्हणाले, कुणी रंग मारायला आलं तर तेवढं सोडून मारायला सांगतो. मी चपला दाराबाहेर काढून आले, तिथे तळवे टेकवले आणि तीसपर्यंत मोजले. काही वाटलं नाही. वाटायचं नसतंच. वीज जाणवत नाही, तरी उतरते.

आता तुमच्याकडे एक मागणं. ते पत्रक तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी असेल, कपाटात, पुस्तकात, फडताळाच्या तळाशी. ते फाडू नका, जाळू नका, मला परत पाठवू नका. ज्या परिच्छेदात मी नळाबद्दल लिहिलंय, त्यावर पेनाने एकच रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहा, 'तो पाइप जमिनीशी जोडलेला होता. लिहिणारीने विचारलं नाही.' खाली तारीख घाला आणि तुमची सही करा. मग ते होतं तिथेच परत ठेवा.